सायकलसाठी घेतलेला तंबू : साताऱ्याच्या घाटांत तीन वर्षे वापरल्यानंतर

तीन वर्षांपूर्वी मी सायकलप्रवासासाठी दोन माणसांचा एक तंबू साडेआठ हजार रुपयांना घेतला. तेव्हापासून यवतेश्वरचा घाट चढून बामणोलीला, बोगद्यातून बाहेर पडून ठोसेघर-चाळकेवाडीकडे आणि मेढ्यावरून केळघरकडे असा तीसएक मुक्कामांना तो माझ्यासोबत आला आहे आणि त्यांतल्या अकरा रात्री पावसाच्या होत्या. बाजारातली मॉडेले दर वर्षा-दोन वर्षांनी बदलतात, म्हणून कंपनीच्या नावाऐवजी मापे, कापड आणि काठ्या यांविषयीच लिहिते. तंबू चांगला आहे आणि उद्या घ्यायची वेळ आली तर असाच घेईन, मात्र त्याच्या शिवणी आणि सोबत मिळालेल्या खुंट्या यांबद्दल माझी तक्रार आहे आणि ती पुढे सविस्तर मांडली आहे.

तंबू पाहायला गेल्यावर आपण सगळेच आधी वजन विचारतो. माझा अनुभव असा, की सायकलसाठी वजनाच्या आधी घडीची लांबी विचारायला हवी. माझ्या आधीच्या तंबूच्या फायबरच्या काठ्या घडी करूनही साठ सेंटिमीटर लांब राहत. माझ्या सायकलचे हँडल बेचाळीस सेंटिमीटर रुंद आहे, त्यामुळे ती पिशवी हँडलवर बसेना आणि मागच्या कॅरिअरवर आडवी बांधली तर दोन्ही बाजूंना हँडलच्याही बाहेर येई. यवतेश्वरच्या घाटात एका वळणावर मागून आलेल्या एसटीला वाट द्यावी म्हणून मी कठड्याकडे सरकले, पिशवीचे टोक कठड्याला घासले आणि सायकल उलट्या बाजूला, म्हणजे थेट एसटीकडे ढकलली गेली. चालकाने वेळेवर ब्रेक दाबला म्हणून निभावले. घरी येऊन पहिले काम केले ते पट्टी घेऊन हँडल, कॅरिअर आणि पॅनिअरची (कॅरिअरच्या बाजूंना लटकणाऱ्या पिशव्यांची) उंची मोजण्याचे, आणि तंबू शोधायला लागले ते त्यानंतर.

आत्ताच्या तंबूच्या काठ्या चाळीस सेंटिमीटरमध्ये मावतात. त्या मी कंपनीच्या पिशवीत ठेवत नाही, सायकलच्या आडव्या दांडीला दोन पट्ट्यांनी आवळून बांधते. कापड तेवढे पॅनिअरमध्ये तळाशी सैलसर कोंबते, म्हणजे ते भांड्यांच्या आणि कपड्यांच्या मधल्या फटी भरत जाते. अख्ख्या तंबूचे वजन दोन किलो शंभर ग्रॅम आहे. दीड किलोचेही तंबू मिळतात, पण त्यांना जवळपास दुप्पट पैसे पडतात आणि वाचणारे सहाशे ग्रॅम हे पाण्याच्या एका भरलेल्या बाटलीपेक्षाही कमी असतात. पाठीवर ओझे घेऊन गड चढणाऱ्याला हा फरक मोठा वाटेल, तर सायकलवाल्याने तेच पैसे काठ्यांवर खर्च करावेत. फायबरची काठी उभी चिरते, तिच्या कुसळी हातात शिरतात आणि ती वाटेत नीट होत नाही. अ‍ॅल्युमिनियमची काठी सहसा आधी वाकते आणि तिच्यावर बोटभर लांबीची नळी चढवून वरून चिकटपट्टी गुंडाळली, की पुढच्या रात्री उभी राहते.

आपल्या भागासाठी दुसरी कसोटी जमिनीची आहे. चाळकेवाडीच्या बाजूला सडा आहे, म्हणजे सपाट जांभा खडक आणि त्यावर दोन बोटे माती. खुंटी दोन बोटे आत जाते आणि खण्ण आवाज करून थांबते. केवळ खुंट्यांच्या ताणावर उभा राहणारा बोगद्याच्या आकाराचा तंबू तिथे उभाच करता येत नाही. एकमेकींना छेद देणाऱ्या दोन काठ्यांवर, खुंटीशिवायही स्वतःच्या आधाराने उभा राहणारा घुमटाकार तंबूच साताऱ्याच्या पठारांवर उपयोगी पडतो. अर्थात उभा राहिला म्हणजे टिकला असे नव्हे. जिथे एवढ्या पवनचक्क्या उभ्या केल्या आहेत तिथे वारा किती असेल ते सांगायला नको, आणि मोकळा तंबू तिथे पतंगासारखा उडतो. मी दोरीच्या टोकाला मुठीएवढा दगड बांधते आणि त्याच्या पुढ्यात, दोरीवरच, मोठा धोंडा ठेवते. वाऱ्याने दोरी ओढली की लहान दगड मोठ्याला जाऊन अडतो आणि दोरी तसूभरही सरकत नाही. धोंडा हाताने उचलण्यापूर्वी पायाने उलटावा, खाली विंचू असतो. सकाळी निघताना दगड होते तिथे परत ठेवावेत. कासच्या पठारावर मात्र तंबूचा विचारही करू नये. ते राखीव वनक्षेत्र आहे, पश्चिम घाटाचा भाग म्हणून २०१२ पासून जागतिक वारसा स्थळ आहे, आणि त्या दोन बोटे मातीतच तिथल्या फुलांचे कंद असतात. मुक्काम गावात, जागेच्या मालकाला विचारूनच करावा.

पावसाविषयी लिहिण्याआधी बामणोलीची एक रात्र सांगते. डिसेंबर होता, आभाळ निरभ्र होते, शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, पाण्यापासून पन्नासएक पावलांवर आम्ही तंबू लावला होता आणि थंडी लागू नये म्हणून तंबूच्या सगळ्या चेन वरपर्यंत ओढून झोपलो होतो. पहाटे पुतण्याने मला हलवून उठवले. "आत्या, पाऊस तर पडला नाही, मग माझी झोपायची पिशवी पायाकडून ओली कशी झाली?" बॅटरी लावून पाहिले तर बाहेरच्या आवरणाच्या आतल्या बाजूने मोत्यांसारखे थेंब लोंबत होते आणि त्याच्या पायाने आतली जाळी जिथे जिथे त्या आवरणाला टेकली होती, तिथे तिथे ते झिरपले होते. ते आमच्याच श्वासाचे पाणी होते. रात्रभरात एका माणसाच्या श्वासातून पेलाभर तरी बाहेर पडते आणि थंड कापडाला लागले की त्याचे दव होते. तलावाकाठी हवा आधीच ओली असल्यामुळे ते अधिकच साचते. तंबू गळतो अशी जी तक्रार पुष्कळदा ऐकू येते, तिच्या मुळाशी बहुतेक वेळा हेच असते. म्हणून आत जाळी आणि बाहेर आवरण असा दोन थरांचाच तंबू घ्यावा, दोन थरांमध्ये हाताचा पंजा सहज फिरेल एवढे अंतर आहे का ते दुकानात उभा करून पाहावे, आणि थंडीतही वरची खिडकी व दाराची वरची वीतभर चेन उघडी ठेवावी. त्यानंतर आम्ही पाण्यापासून लांब, थोड्या उंचवट्यावर, शक्य तर झाडाच्या आडोशाला मुक्काम करू लागलो आणि पिशव्या कोरड्या राहू लागल्या. झाड निवडताना वर वाळकी फांदी नाही ना, हे पाहावे.

खऱ्या पावसात या तंबूच्या कापडाने मला एकदाही दगा दिलेला नाही. कापडावर ३००० मिलिमीटर असे छापलेले असते. याचा अर्थ त्या कापडावर तीन मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी ते पाणी झिरपू देत नाही. आवरणाला एवढे पुष्कळ झाले, पण जमिनीच्या कापडावर आपण गुडघा टेकतो तेव्हा तेवढ्याशा जागेवर सगळा भार येतो, म्हणून जमिनीचा आकडा आवरणापेक्षा मोठा असलेला बरा. दुसरा आकडा डेनिअरचा असतो. विटा-इचलकरंजीच्या यंत्रमागांशी संबंध असलेल्यांना तो सांगावा लागणार नाही; इतरांसाठी एवढेच, की ९००० मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन म्हणजे त्याचे डेनिअर. वीस डेनिअरचे कापड हाताला कांद्याच्या पापुद्र्यासारखे लागते आणि करवंदीच्या जाळीजवळ टिकत नाही. माझ्या तंबूचे कापड त्याच्या तिप्पटीहून जाड, पॉलिएस्टरचे आहे. नायलॉन हलके आणि चिवट असते, पण भिजले की सैल पडते आणि मध्यरात्री उठून दोऱ्या ताणाव्या लागतात. पॉलिएस्टर भिजल्यावर फारसे ताणत नाही आणि उन्हालाही नायलॉनपेक्षा अधिक टिकते. परतीच्या पावसात केळघरजवळ सलग सहा तास सर झेलूनही आवरण संध्याकाळी लावले तसेच ताठ होते.

त्याच रात्री शिवणीने मात्र दगा दिला. शिवणीवर आतून चिकटवलेली पारदर्शक पट्टी एका कोपऱ्यात अर्धी वीत सुटलेली होती आणि तिथून थेंब थेंब पाणी उशाशी पडत राहिले. तंबू तेव्हा जेमतेम चार महिन्यांचा होता. छायाचित्रांसह कंपनीला कळवले. तीन आठवड्यांनी उत्तर आले, की वापरामुळे झालेली झीज हमीत बसत नाही. चार महिन्यांत पाच रात्री वापरलेल्या वस्तूला झीज म्हणणे मला अन्यायाचे वाटते आणि तेव्हाही तसे लेखी कळवले होते. शेवटी शिवणीवर लावायचे द्रव्य आणून सगळ्या शिवणींवर आतून ब्रशने एक हात दिला, दिवसभर सुकू दिले, आणि त्यानंतर दोन पावसाळे थेंबही आलेला नाही. घेणाऱ्याने पहिल्याच दिवशी अंगणात तंबू लावून त्यावर बागेच्या नळीने पाव तास पाणी सोडावे. दोष असेल तर तो मुदतीत कळतो आणि वस्तू बदलून मागता येते. मी हे केले नाही, त्याची मला हळहळ आहे. खुंट्यांचे म्हणाल तर त्या साध्या तारेच्या होत्या आणि पहिल्याच मुरमाड जागेत वाकल्या. तीन पाखांच्या अ‍ॅल्युमिनियमच्या आठ खुंट्या वेगळ्या घ्याव्या लागल्या.

आता निगराणीविषयी, कारण माझा आधीचा तंबू पावसाने किंवा वाऱ्याने गेला नाही, तो घरातल्या माळ्यावर गेला. ऑगस्टमध्ये ठोसेघरहून परतल्यावर तो ओलसरच गुंडाळून पत्र्याखालच्या माळ्यावर टाकला आणि दिवाळीनंतर उघडला, तर आंबूस वास नाकात शिरला आणि आवरणाच्या दोन घड्या एकमेकींना गुळाच्या पाकासारख्या चिकटलेल्या होत्या. जोर लावून सोडवल्या तेव्हा आतला थर पांढऱ्या पापुद्र्यांनी झडला. तंबूला आतून पाणी अडवणारा पॉलियुरेथेनचा लेप दिलेला असतो. ओलावा त्या लेपाची रासायनिक जोडणी हळूहळू तोडत जातो आणि उष्णतेने ते काम आणखी वेगाने होते. एकदा चिकटपणा आला की तो लेप पूर्ववत होत नाही. पाऊस नसला तरी आपल्याकडे हिवाळ्यात आवरण रोज सकाळी दवाने भिजलेलेच असते, म्हणून आता मी निघताना ते झटकून, पुसून सैलसर गुंडाळते आणि दहाच्या सुमारास ऊन वर आले की जिथे थांबू तिथे सायकलीवरच पसरते. चहा होईपर्यंत ते वाळते. घरी आल्यावर मात्र सावलीत, वाऱ्यावर, दोरीवर उलटे टांगून दोन दिवस ठेवते, कारण जमिनीच्या कापडाचे कोपरे आणि जाड शिवणी हाताला कोरड्या लागल्या तरी आतून ओल धरून असतात. नखाने दाबून गार लागले तर अजून एक दिवस. पूर्ण वाळल्यावर तो कंपनीच्या घट्ट पिशवीत न भरता जुन्या सुती उशीच्या अभ्र्यात सैल भरून कपाटात ठेवते, माळ्यावर नाही.

धुण्यासाठी साधे पाणी आणि मऊ स्पंज एवढेच वापरावे. कपड्यांच्या पावडरीने लेप आणि पट्ट्या दोन्ही सुटतात, आणि वॉशिंग मशिनमध्ये तर तो घालूच नये. जांभ्याची लाल धूळ तंबूच्या चेनच्या दातांत बसते आणि रनर, म्हणजे चेन उघडझाप करणारा तुकडा, घासून घासून सैल होतो, मग चेन लावली तरी मागून उघडत जाते. प्रत्येक प्रवासानंतर जुन्या दात घासायच्या ब्रशने ती झाडावी. माझ्या दाराचा रनर दुसऱ्या वर्षी असाच सैल झाला. पकडीने दोन्ही बाजूंनी हलकेच दाबून काही महिने चालला, पुढे साताऱ्यात राजवाड्याजवळ बॅगा दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराने तीस रुपयांत नवा बसवून दिला आणि दाराच्या खालच्या टोकाला, जिथे सर्वांत जास्त ताण येतो, न सांगता दुहेरी टीपही मारून दिली. त्या टिपेवर मी घरी येऊन लगेच शिवणीचे द्रव्य लावले, कारण सुईचे प्रत्येक छिद्र पाण्याला वाट असते. काठ्या मोडताना मधल्या सांध्यापासून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे जावे, म्हणजे आतल्या रबरी दोरीवर दोन्हीकडे सारखा ताण येतो. तंबूखाली अंथरायला महागडे कापड विकत मिळते. मी तंबूच्या मापापेक्षा चार बोटे लहान कापलेले मेणकापड अंथरते. ते बाहेर डोकावले, तर आवरणावरून ओघळलेले पाणी त्यावर पडून थेट आपल्या पाठीखाली येते.