छतावरचा मोशन सेन्सर: डब्यावरचा कंस आधी वाचा

जळगाव-भुसावळकडे इलेक्ट्रिकच्या दुकानात पाचशेच्या आतबाहेर मिळणारा, वाटीएवढा पांढरा पीआयआर सेन्सर, म्हणजे अंगाच्या उबेवरून माणूस ओळखून दिवा आपोआप लावणारा. डब्यावर पल्ला ‘६ मीटर’ ठळक छापलेला असतो आणि शेजारी कंसात बारीक अक्षरांत ‘२४ अंशांखाली’. खान्देशात सगळी मेख त्या कंसात आहे.

अंगाची ऊब आणि मागच्या भिंती-फरशीची ऊब यांतला फरक हलला, की या सेन्सरला माणूस कळतो. जानेवारीत हा फरक भरपूर असतो. मे महिन्यात दिवसभर भाजलेला स्लॅब रात्री नऊलाही गरमच, भिंतही जवळपास अंगाइतकी. मग पल्ला आखडतो आणि चार पायऱ्या अंधारात चढून झाल्यावर दिवा लागतो. सेन्सर बिघडलेला नसतो; बदलून आणला तरी तेच.

बसवताना उंची अडीच-तीन मीटर ठेवा. समोरून सरळ चालत येणारा त्याला उशिरा दिसतो, आडवा जाणारा लगेच. त्यामुळे जिन्यात, दारातून आत येणारा त्याला आडवा जाईल अशी जागा शोधा. कूलरच्या झोतात तर मुळीच नको, रिकाम्या खोलीत दिवा लागत राहील.

वायरी तीन: तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, लाल दिव्याला. तरी डब्यावरची आकृती बघून घ्याच. जुन्या घरांत स्विचबोर्डात न्यूट्रल नसते, छतातल्या होल्डरपाशी असते. जोडणी तिथेच करावी. दोन वायरींचा सेन्सर स्वस्त म्हणून घेतलात तर एलईडी रात्रभर मिणमिणत राहण्याची शक्यता जास्त. फेज आणि लाल वायरीच्या मध्ये एक साधा स्विच टाकून घ्या. लग्नकार्यात दिवा कायम चालू ठेवायला तोच कामी येतो.

चाचणी घेताना लक्सचा (किती उजेडात चालायचं ते ठरवणारा) खटका सूर्याच्या चित्रावर, म्हणजे दिवसाही चालेल; टाइम (दिवा किती वेळ चालू राहील तो) सगळ्यात कमी. वीज आल्यावर पहिला अर्धा-एक मिनिट तो मनाला येईल तसा वागतो, थांबा. नंतर लक्स चंद्राकडे, म्हणजे फक्त अंधारात चालेल; टाइम जिन्याला एक मिनिट, संडासला पाच. तिथे माणूस स्थिर बसतो आणि ऐनवेळी अंधार होतो! दिवसा चंद्रावर ठेवून ‘चालतच नाही’ म्हणत परत करणारे बरेच. दिव्याचा उजेड थेट सेन्सरवर पडला तर मात्र लागणं-विझणं सुरू होतं; मीटरभर अंतर राखा.

जिना, संडास, कोठीची खोली यांसाठी जरूर घ्या. पश्चिमेच्या उन्हात तापणाऱ्या ओट्यासाठी नको. तिथे मायक्रोवेव्ह सेन्सर (रडारसारख्या लहरींवर चालणारा) बघा, त्याला उष्णतेशी देणंघेणं नाही. पण तो लाकडी दारापलीकडची हालचालही पकडतो, आणि वाऱ्याने थडथडणारा पत्राही. पत्र्याच्या शेडमध्ये लावायचा असेल, तर आधी पत्र्याचे सैल बोल्ट आवळा.