पीडीईत पीएचडी: एलिप्टिक घ्यावं की डिस्पर्सिव्ह?

एमएस्सी संपत आलेली, सोबोलेव्ह स्पेसेस एकदा नीट करून झालेली मुलंमुली हा प्रश्न हल्ली वरचेवर विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. पीडीई म्हणजे आंशिक विकलक समीकरणं; त्यात डिस्पर्सिव्ह म्हणजे काळाबरोबर पसरत जाणाऱ्या लाटांची, आणि एलिप्टिक म्हणजे ढोबळमानाने काळ नसलेल्या, स्थिर अवस्थेची. मी दोन्हीकडे राहिलोय, आधी दीड वर्ष डिस्पर्सिव्ह (मुख्यतः नॉनलिनिअर श्रोडिंगर) आणि मग एलिप्टिक. सांगतोय ते माझ्या अनुभवावरून, तुमचा वेगळा असू शकतो.

डिस्पर्सिव्हची ओढ मी नाकारत नाही. लाट पसरते, पसरते म्हणून पातळ होते, आणि त्या पातळ होण्यावर अख्खी थिअरी उभी आहे. स्ट्रिकार्ट्झचे एस्टिमेट (हे पसरणं मोजणाऱ्या असमता) १९७७ चे, कील आणि टाओनी त्यांचा एंडपॉइंट, म्हणजे घातांकांची अगदी सीमेवरची जोडी, १९९८ ला पूर्ण केला, तीन मितींतल्या डीफोकसिंग क्विंटिक (लाटेला गोळा न होऊ देणारी पाचव्या घाताची टर्म असलेल्या) समीकरणाचं सोल्यूशन कायम टिकतं हे रेडियल (फक्त केंद्रापासूनच्या अंतरावर अवलंबून असलेल्या) डेटासाठी बूर्गेननी १९९९ ला दाखवलं, आणि रेडियल ही अट काढून टाकणारा पाच जणांचा पेपर छापून यायला २००८ उजाडलं. एवढी हालचाल असलेला विषय तरुणपणी खेचतोच. फूरिये अ‍ॅनालिसिस हातात मुरलेलं असेल तर तुम्हाला इथे मजा येईल, आणि बेंगळुरूला आयआयएससीत हार्मोनिक अ‍ॅनालिसिसची चांगली परंपरा आहे.

एलिप्टिकबद्दल एकच तक्रार ऐकू येते, की तिथलं सगळं करून झालंय. दे जॉर्जी १९५७, नॅश १९५८, दोघांनी स्वतंत्रपणे हिल्बर्टचा एकोणिसावा प्रश्न (अशा समीकरणांची सोल्यूशन्स आपोआप गुळगुळीत असतात का) सोडवला, मग १९६० मध्ये मोझरनी तीच गोष्ट घातांक वाढवत वाढवत एल-टूपासून (वर्गाच्या इंटिग्रलपासून) थेट सुप्रीममपर्यंत (सगळ्यात मोठ्या किमतीपर्यंत) नेऊन दाखवली, आता उरलं काय? माझं उत्तर ब्रेझिस आणि निरेनबर्ग यांचा १९८३ चा पेपर. क्रिटिकल घातांकाच्या (जिथे नेहमीच्या पद्धती नेमक्या अडतात त्या) समीकरणात लॅम्डा-यू ही साधी टर्म मिळवायची. चार किंवा जास्त मिती असतील तर लॅम्डा शून्य आणि पहिल्या आयगेनव्हॅल्यूच्या मधे कुठेही घ्या, पॉझिटिव्ह सोल्यूशन मिळतं. तीन मितींच्या बॉलवर मात्र लॅम्डा पहिल्या आयगेनव्हॅल्यूच्या एक चतुर्थांशापेक्षा मोठा असेल तरच मिळतं. कमी मिती म्हणजे सोपं असं आपण धरून चालतो आणि इथे नेमकं उलटं! हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

पण मी बदललो ते सौंदर्यामुळे नाही, हिशोबामुळे. डिस्पर्सिव्हमध्ये क्यू (काळाचा घातांक) आणि आर (जागेचा घातांक) यांच्या जोड्या सांभाळायच्या असतात, २/क्यू + एन/आर = एन/२ (एन म्हणजे मिती), तीन मितींत १०/३ आणि १०/३ ही जोडी तर मला पाढ्यासारखी पाठ होती. चार महिने मी दोन मितींतला एक एस्टिमेट करत होतो, होल्डर लावा, इंटरपोलेट करा, परत स्ट्रिकार्ट्झ, पानामागून पान, आणि सगळ्या बेरजा जुळत होत्या. गाइडनी एका संध्याकाळी शांतपणे एका ओळीवर बोट ठेवलं, तिथे मी नकळत (२, ∞) ही जोडी वापरली होती आणि दोन मितींत तोच एंडपॉइंट खोटा आहे. चार महिने गेले. चूक होणं ठीक आहे हो, सगळ्यांच्या होतात, मला खुपलं ते हे की ती पकडायला माझ्याकडे घातांक पुन्हा पुन्हा मोजण्याशिवाय काही साधनच नव्हतं. एलिप्टिकमध्ये शंका आली की मी एक फंक्शन मांडून बघतो. दोन मितींत एच-वन (फंक्शन आणि त्याचं डेरिव्हेटिव्ह दोन्ही एल-टूत) म्हणजे बाउंडेड असं वाटायला लागलं की लॉग-लॉग(१/|एक्स|) ओरिजिनजवळ लिहायचं, पाच मिनिटांत खोटं पडतं. मॅक्सिमम प्रिन्सिपल (सगळ्यात मोठी किंमत कडेवरच येते) तर डोळ्यांनी दिसतो. डिस्पर्सिव्हमधले जाणकार तिथेही असं फंक्शन मांडून तपासतात, मला दीड वर्षात ती नजर आली नाही, एवढंच.

भारतात राहायचं असेल तर माझ्या मते एलिप्टिकचं पारडं आणखी थोडं जड होतं, टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या) बेंगळुरूच्या सेंटरमध्ये या कामाची जुनी बैठक आहे आणि आयआयटींमध्येही अडलं तर विचारायला माणसं भेटतात. नोकरीच्या बाबतीत मला फार फरक जाणवला नाही.

ठरत नसेल तर एका आठवड्यात दोन प्रूफ वाचा, मोझर इटरेशन आणि स्ट्रिकार्ट्झचं टीटी-स्टारवालं (ऑपरेटरला त्याचा अ‍ॅडजॉइंट जोडून केलेलं), आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही न बघता लिहायला बसा. माझं स्ट्रिकार्ट्झ अर्ध्यात अडलं होतं, मोझर चहा व्हायच्या आत उतरलं होतं.