‘मॉडिफाइड’ म्हणून विकलेला साधा कॅमेरा

अंधुक तेजोमेघांचे, म्हणजे अवकाशातल्या वायू-धुळीच्या ढगांचे, फोटो काढण्यासाठी सेकंडहँड डीएसएलआर घेऊ पाहणाऱ्यांची तरी अशी फसगत होऊ नये, म्हणून हा अनुभव लिहीत आहे. उत्सर्जन तेजोमेघ, म्हणजे स्वतः प्रकाशणारे वायूचे ढग, मुख्यतः हायड्रोजन-अल्फाच्या, म्हणजे ६५६.३ नॅनोमीटर तरंगलांबीच्या, गडद लाल प्रकाशात चमकतात आणि साध्या कॅमेऱ्यात सेन्सरपुढे बसवलेली काच नेमका तोच प्रकाश बराचसा अडवते. ती काच काढलेला किंवा बदललेला, म्हणजेच ‘मॉडिफाइड’, कॅमेरा म्हणूनच जास्त भावाने विकला जातो. कंपनीनेच आकाशाच्या फोटोंसाठी बनवलेल्या कॅनन ६०डीए किंवा निकॉन डी८१०ए यांची ओळख नावावरूनच पटते. खासगीरीत्या बदललेल्या कॅमेऱ्यावर मात्र बाहेरून कसलीही खूण नसते.

विक्रेत्या गृहस्थांनी मला नमुना म्हणून मृगातल्या एम ४२ या तेजोमेघाचा सुरेख फोटो पाठवला. तो खराही असेल, पण हा मेघ इतका तेजस्वी आहे की कोणत्याही साध्या डीएसएलआरमध्ये तो छान येतो, त्यामुळे त्या फोटोवरून काच बदलल्याचे मुळीच सिद्ध होत नाही. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल, मागितली तेव्हा कार्ड फॉरमॅट झाल्याचे उत्तर मिळाले.

पैसे यूपीआयने दिले, कॅमेरा कुरिअरने आला. भंडारदऱ्याच्या काळोखात ट्रॅकरवर (ताऱ्यांच्या गतीने कॅमेरा फिरवणाऱ्या यंत्रावर) लांब एक्स्पोजर घेऊन ते स्टॅक केले, म्हणजे एकावर एक जुळवून एकत्र केले, तरी ययाती तारकासमूहातला कॅलिफोर्निया मेघ म्हणजे जेमतेम एक मळकट डाग, आणि मृगाला वळसा घालणारी बर्नार्डची कमान हा अंधुक तेजोमेघ तर उमटलीच नाही. दुरुस्ती करणाऱ्या कारागिराने माझ्यासमोर कॅमेरा उघडला, तेव्हा मूळची फिकट निळसर काच जागच्या जागी होती. विक्रेत्यांचा फोन तेव्हापासून बंद आहे. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. पैसे अद्याप परत मिळालेले नाहीत.

व्यवहार समोरासमोरच करावा आणि व्हाइट बॅलन्स ‘डेलाइट’वर ठेवून उन्हात पांढऱ्या कागदाचा फोटो काढून पाहावा, काच बदललेली असेल तर कागद ठळक गुलाबी-लालसर दिसतो. कस्टम व्हाइट बॅलन्स लावला की हा रंग झाकला जातो, म्हणून ते सेटिंग स्वतः तपासावे. टीव्हीच्या रिमोटचा अवरक्त किरण कॅमेऱ्यात दिसतो का, ही चाचणी बरेच जण सुचवतात, पण जुन्या काचेच्या जागी अवरक्त किरण अडवणारी नवी काच बसवली असेल, तर अस्सल मॉडिफाइड कॅमेराही त्या चाचणीत साध्यासारखाच वागतो. नमुन्याचा फोटो मागायचाच असेल, तर तो कॅलिफोर्निया मेघाचा किंवा बर्नार्डच्या कमानीचा मागावा, आणि तोही रॉ स्वरूपात.