सुवर्णपदक की ‘आविष्कार’?

महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागांत विद्यार्थ्याच्या यशाची दखल प्रामुख्याने दोन प्रकारे घेतली जाते. पहिला प्रकार दीक्षान्त समारंभातील सुवर्णपदकाचा. देणगीदाराने ठेवलेल्या निधीच्या व्याजातून ते दिले जाते आणि परीक्षेतील सर्वाधिक गुण हाच बहुधा त्याचा निकष असतो. निकष निर्विवाद असल्याने वशिल्याला वाव राहत नाही, ही त्याची जमेची बाजू. परंतु दोन-चार गुणांनी मागे राहिलेल्याच्या पदरी काहीच पडत नाही.

दुसरा प्रकार ‘आविष्कार’ या आंतरविद्यापीठ संशोधन स्पर्धेचा. कुलपती या नात्याने राज्यपालांच्या कार्यालयाने २००६ साली सुरू केलेल्या या उपक्रमात मूलभूत विज्ञान आणि अभियांत्रिकी व तंत्रज्ञान यांसह सहा गट असून पदवी व पदव्युत्तर विद्यार्थ्यांची स्पर्धा वेगवेगळी होते. येथे विद्यार्थ्याला भित्तिपत्रकासमोर उभे राहून परीक्षकांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावी लागतात. प्रयोग का फसला, नमुना किती मोठा घेतला, खर्च परवडेल का, हे गुणपत्रिका कधीच विचारत नाही. मात्र परीक्षकांची आवडनिवड, मार्गदर्शकाचा हातभार आणि महाविद्यालयाची प्रयोगशाळा (ग्रामीण भागात ती अनेकदा नावापुरतीच असते) यांचा निकालावर परिणाम होतो.

एकाच सन्मानापुरता निधी असल्यास विभागाने तो ‘आविष्कार’सारख्या संशोधन प्रकल्पाच्या सन्मानासाठी ठेवावा, असे माझे मत आहे; फक्त गुणदानाचे निकष आधी लेखी जाहीर करावेत आणि किमान एक परीक्षक बाहेरचा असावा.