गुणगौरवाचा गुलाब ९६,५०० रुपयांना पडला

मुलीच्या इंजिनिअरिंग प्रवेशासाठी एका एजंटला आधी १८,५०० रुपये ‘अ‍ॅडमिशन पॅकेज’चे. मग ४,००० कागदपत्रं तपासण्याचे. मग ९,००० स्कॉलरशिपच्या फाइलचे. आणि शेवटी एका झटक्यात ६५,०००. एकूण ९६,५००. मी एसटीत वाहक आहे. फाटकी नोट घडी घालून हातात दिली तरी माझ्या बोटांना कळते. सुट्ट्या पैशांवरून मला आजवर कुणी गंडवलेलं नाही. हे आधीच सांगतो, कारण ‘शिकलेली माणसं अशी कशी फसतात’ हे नातेवाइकांकडून पुरेसं ऐकून झालंय. ज्यांच्या घरात इंजिनिअरिंगचा फॉर्म आजवर कुणी भरलेलाच नाही, त्यांनी काय करायचं ते आधी सांगा, मग हसा.

हा माणूस आमच्याकडे चोरासारखा आला नाही, हार-तुरे घेऊन आला. सीईटीचा निकाल लागल्यावर मंगल कार्यालयात ‘गुणवंतांचा गुणगौरव’ ठेवला होता. प्रत्येक मुलाला गुलाब, एक ट्रॉफी, आईवडिलांना चहा-बिस्किट. दारात एक कागद भरून घेत होते: नाव, मोबाइल, जात प्रवर्ग, पर्सेंटाइल, सीईटीचा अर्ज क्रमांक. सत्काराला अर्ज क्रमांक कशाला लागतो? हा प्रश्न तिथे दीड-दोनशे पालकांपैकी एकालाही पडला नाही, मग मलाच पडायला हवा होता असं का? मुलीला ९१.४७ पर्सेंटाइल, ओबीसी, नॉन-क्रीमीलेयर आणि जात वैधता दोन्ही हातात. दुसऱ्याच दिवशी फोन. “काका, सीओईपी सोडून बोला, बाकी पुण्यात कॉम्प्युटर माझ्यावर सोडा.”

त्याने आमच्याकडून जे घेतलं त्यातलं सगळ्यात महाग म्हणजे पासवर्ड. पैसे नंतर गेले. “शेवटच्या दिवशी साइट लोड घेत नाही, आमची मुलं रात्री बसून भरतात, तुम्ही ड्यूटीवर असणार,” असं म्हणाला. ते खरंच होतं, मी पुणे मुक्कामी गाडीवर होतो. कॅप राउंडचं, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेऱ्यांचं, लॉगिन ज्याच्या हातात, प्रवेश त्याच्या हातात. कॉलेजांची पसंतीची यादी, म्हणजे ऑप्शन फॉर्म, तिथूनच भरला जातो. फॉर्म नेट कॅफेत भरा, शेजारच्या पोराकडून भरून घ्या, पण पासवर्ड मुलीने स्वतः टाकायचा आणि खुर्ची सोडायची नाही.

४,००० रुपये त्याने ‘व्हेरिफिकेशन’चे म्हणून घेतले. ती छाननी सरकारी प्रक्रियेचाच भाग आहे. अर्जाची जी फी आपण ऑनलाइन भरतो त्यापलीकडे त्याचा एक रुपया लागत नाही, आणि सुविधा केंद्रावर बसलेली माणसं कागद कमी असेल तर कोणता ते स्वतःहून सांगतात. त्याने फक्त नॉन-क्रीमीलेयरवर ३१ मार्च २०२६ ही तारीख आहे का ते पाहिलं. ते मीही वाचू शकलो असतो.

आता तो दिवस. टेंभुर्णीच्या पुढे गाडी खच्चून भरलेली, मी मागच्या बाकांची तिकिटं फाडतोय आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ आली. ऑप्शन फॉर्मची यादी. अजून कन्फर्म केलेली नव्हती. मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संपत होती. म्हणजे एक अख्खी रात्र आणि एक अख्खा दिवस हातात होता! मी पहिली ओळ पाहिली. त्या कॉलेजाचं नाव मी कधी ऐकलेलं नव्हतं. आम्ही घरी वहीत सोळा कॉलेजांची यादी काढली होती, त्यातलं पहिलं नाव या पीडीएफमध्ये चौथ्या नंबरला होतं. पहिले तीन भलतेच. तेवढ्यात मुलीचाही फोन, “पप्पा, हे वरचं कॉलेज आपल्या यादीत नव्हतंच.” मी त्याला फोन लावला. तो हसला. “काका, तो क्रम सिस्टीम लावते, कटऑफप्रमाणे. तुमच्या कॉलेजांना धक्का नाही.” आणि मी मुलीला म्हणालो, “सरांना कळतं, तू गप्प बस.”

सिस्टीम कुठलाही क्रम लावत नाही. क्रम लावतो तो भरणारा. यादीतला पहिला पर्याय पहिल्याच फेरीत मिळाला तर ती जागा आपोआप फ्रीझ होते आणि पुढच्या फेऱ्यांचा रस्ता बंद होतो. माझ्या मुलीच्या गुणांना ते पहिलं कॉलेज मिळणारच होतं, कारण तिथे जागा भरायला पोरं मिळत नाहीत. पोरामागे कमिशन देतात म्हणूनच ते पहिल्या नंबरला गेलं. हे मला नंतर त्याच कॉलेजच्या एका माणसाने बोलता बोलता सांगितलं, आकड्यासकट. आपल्याला सगळ्यात हवं असलेलं कॉलेज सगळ्यात वर, कितीही अवघड वाटलं तरी वर. खाली खाली सोपं. इतका साधा नियम आहे. कोणत्याही सेमिनारमध्ये हा नियम पहिल्या पाच मिनिटांत सांगता येतो. सांगितला नाही म्हणजे का नाही, ते ओळखा.

मी गप्प का बसलो? तिकीट मशीन हातात, पॅसेंजर ओरडतायत, आणि १८,५०० आधीच गेलेले. पैसे दिलेल्या माणसावर शंका घेणं म्हणजे स्वतःच्या पैशांवर शंका घेणं, ते होत नाही. ज्याच्यावर वेळ आलीय त्याला समजेल.

पहिल्या फेरीत अर्थातच तेच कॉलेज लागलं. तालुक्याच्या बाहेर माळावरची इमारत, शाखा सिव्हिल. त्याचा फोन मात्र अभिनंदनाचा! मुलगी दोन वेळ जेवली नाही. मग त्याने ‘सेफ्टी’ ही नवी गोष्ट काढली: ही सीट सेफ्टीसाठी, हजार रुपये भरून ठेवा, पुण्यातली कॉम्प्युटरची सीट मी इन्स्टिट्यूट कोट्यातून लॉक करतो, त्याला ६५,००० लागतील. “आणि फी शून्य, काका. मुलींना सरकारची माफी आहे.” त्याने मोबाइलवर ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय उघडून दाखवला. तो जीआर खरा आहे. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ. त्याने वरचा परिच्छेद दाखवला, अटी दाखवल्या नाहीत. माफी फक्त कॅपमधून झालेल्या प्रवेशाला आहे. संस्था स्तरावर, मॅनेजमेंट कोट्यात घेतलेल्या जागेला नाही. खाजगी आणि अभिमत विद्यापीठांनाही नाही. म्हणजे तो मला ६५,००० घेऊन अशा जागेवर न्यायला निघाला होता जिथे मुलीची मोफत फी गेली असती आणि वर्षाला लाखाच्या पुढची पावती माझ्या नावाने फाटली असती. अर्धं खरं बोलणारा माणूस पूर्ण खोट्यापेक्षा वाईट.

४०,००० कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थेतून काढले, २५,००० मेहुण्याने दिले. क्यूआर कोडवर पैसे टाकले तेव्हा स्क्रीनवर नाव आलं ते कुठल्याशा ट्रेडर्सचं, खतं-बियाण्यांच्या दुकानाला शोभेल असं. विचारलं तर म्हणे कॉलेजचं खातं ऑडिटला आहे. पावती मागितली तर म्हणे सीट अलॉट झाली की कॉलेजच देईल. कॉलेजचे पैसे कॉलेजच्या नावाच्या खात्यावर, पावती त्याच दिवशी. नाही तर उठून चालू लागा.

पुण्याला स्वारगेटवर उतरून मी त्या कॉलेजात गेलो. अकाउंट्समधल्या बाईंनी कॉम्प्युटरकडे पाहिलंसुद्धा नाही. या कोट्याचे अर्ज अजून सुरूच व्हायचे आहेत, त्यांचीही गुणवत्ता यादी लागते, ‘लॉक’ असा प्रकार नसतो. पैसे घेऊन जागा देणं महाराष्ट्रात १९८७ च्या कॅपिटेशन फी बंदी कायद्याने गुन्हा आहे. प्रत्येक खाजगी कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहता येते. या गोष्टी त्या बाईंनी मला पाच मिनिटांत, फुकट सांगितल्या.

स्कॉलरशिपच्या फाइलचे ९,००० तर शुद्ध लूट. महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर अर्ज विद्यार्थिनीने स्वतः भरायचा, पैसे लागत नाहीत. बँक खातं आधारला जोडलेलं हवं आणि तहसीलचा उत्पन्नाचा दाखला हवा. त्याने फाइल उघडलीच नव्हती.

आणि आता दाद मागायची गोष्ट. आमच्या ठाण्यात म्हणाले, त्याचं ऑफिस जिल्ह्याला, तिकडे जा. जिल्ह्याच्या ठाण्यात म्हणाले, पैसे तुम्ही तुमच्या गावातून पाठवले, तिकडे जा. परत आलो तर ठाणे अंमलदार म्हणाले, ही दिवाणी बाब आहे, सेवा घेतली, पटली नाही, ग्राहक मंचात जा. बँकेत म्हणाले, व्यवहार तुम्ही स्वतः केलात, पिन तुमचा. एका हेल्पलाइनवर बराच वेळ गाणं ऐकवून झाल्यावर सांगितलं की पासवर्ड गुप्त ठेवणं ही उमेदवाराची जबाबदारी आहे. हो, आहे! पण गुणगौरवाच्या मंचावर हार घालून घ्यायला जे पुढारी आणि जे मुख्याध्यापक बसले होते, त्यांची जबाबदारी कुठल्या माहितीपुस्तिकेत लिहिलीय? ‘बघू’, ‘साहेब मीटिंगला’, ‘अर्ज ठेवून जा’. मी ड्यूटीवर एका प्रवाशाचे पाच रुपये परत द्यायचे राहिले तर तिकिटाच्या मागे लिहून देतो. इथे ९६,५०० रुपयांवर कुणी पोच द्यायला तयार नाही.

हद्दीचं कारण ऐकून परत येऊ नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात देता येते, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडो. ठाण्याने नाकारलं तर त्याच कलमाखाली पोलीस अधीक्षकांना लेखी, टपालाने पाठवता येते. फसवणुकीचं जुनं ४२० आता भारतीय न्याय संहितेचं ३१८(४) झालंय, अर्जात तेच लिहा. आणि पैसे गेल्याचं कळल्याबरोबर, त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. पुढच्या खात्यात पैसे असतील तोवरच थोपवता येतात. मी आधी त्यालाच फोन करत बसलो, तो ‘उद्या देतो’ म्हणत राहिला.

मुलगी त्या माळावरच्या कॉलेजातच जाते. नंतर सगळ्या फेऱ्यांचे कटऑफ आले. आमच्या वहीतल्या तिसऱ्या कॉलेजात आयटीची ओबीसी मुलींची जागा तिच्यापेक्षा कमी पर्सेंटाइलला बंद झाली. तो तक्ता पाहताना ‘जी’ने सुरू होणारा रकाना सर्वसाधारण, ‘एल’चा मुलींचा, हे तिनेच मला शिकवलं. मागच्या वर्षांचे तक्ते सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर फुकट असतात. ज्या ‘अ‍ॅनालिसिस’चे त्याने १८,५०० घेतले ते हेच.

गुणगौरवातले आणखी चार पालक सापडले. एकाने तर १,२०,००० दिलेत आणि बायकोला अजून सांगितलेलं नाही. पाचही जणांनी मिळून स्पीड पोस्टाने अधीक्षकांकडे अर्ज पाठवला, स्क्रीनशॉट आणि बँकेचे उतारे जोडून. अर्ज पोचल्यावर त्याचा फोन आला. आवाज तसाच गोड. “काका, तुमचे ३०,००० देतो, सही मागे घ्या.” मी म्हटलं, ९६,५००, आणि पाचही जणांचे. त्याने फोन ठेवला. बायको म्हणते, तीस तरी घ्यायला हवे होते. पतसंस्थेचा हप्ता पाच तारखेला असतो.