फ्रेझर: बार सुटला पण बिअर घरात आली

बॉस्टनच्या एका बारवरची अमेरिकन कॉमेडी सिरीज चिअर्स संपवली आणि लगेच तिच्यातून निघालेली फ्रेझर लावली, खरं सांगायचं तर फार अपेक्षा नव्हती, कारण त्या बारमधला सगळ्यात शिष्ट माणूस म्हणजे हा फ्रेझर नावाचा सायकिअ‍ॅट्रिस्ट, त्याला एकट्याला अकरा सीझन कोण झेलणार? १९८४ला बारमधल्या वेट्रेस डायनचा नवा बॉयफ्रेंड म्हणून आणलेलं पात्र, थोडे एपिसोड करून जायचं होतं, ते चिअर्स १९९३ला बंद होईपर्यंत तिथेच ठिय्या मारून बसलं.

पण पहिल्याच एपिसोडमध्ये गेम कळतो राव. फ्रेझर सिॲटलला येतो, रेडिओवर लोकांना सल्ले देतो, एकदम पॉश फ्लॅट, निवडून निवडून आणलेलं फर्निचर, आणि त्यात येतो बाप. कमरेत गोळी लागलेला रिटायर्ड पोलीस, सोबत कुत्रा, आणि टेप लावून डागडुजी केलेली ती पट्ट्यापट्ट्यांची जुनाट खुर्ची, जी बरोब्बर हॉलच्या मध्यात ठेवली जाते! म्हणजे बार सोडला पण बारमधलं बिअर पिणारं गिऱ्हाईक घरातच आणून बसवलं. माझ्या मते सगळी सिरीज त्या खुर्चीवर उभी आहे. याच चिअर्समधून १९८७ला द टॉर्टेलीज पण काढली होती, बारमधल्या दुसऱ्या वेट्रेसचा, कार्लाचा एक्स नवरा आणि त्याची नवी बायको लास वेगासला, १३ एपिसोडमध्ये गाशा गुंडाळला. नुसतं गाव बदलून होत नाही, घरात भांडायला तोडीस तोड माणूस लागतो.

बाय द वे चिअर्समध्ये फ्रेझरने बाप मेलाय म्हणून सांगितलं होतं, मग चिअर्सचा बारवाला सॅम सिॲटलला येतो तेव्हा काय सारवासारव करतो ते बघाच, मी दोनदा रिवाइंड केलं.

फ्रेझरचा भाऊ नाइल्स, त्याच्याबद्दल काय बोलू. १९९९चा व्हॅलेंटाइनवाला एपिसोड आहे, सुरुवातीला बराच वेळ तो एकटाच, जवळपास डायलॉग नाहीच, पँटची इस्त्री बिघडली म्हणून परत करायला घेतो आणि तिथून बोट कापतं, रक्त बघून चक्कर, शेवटी आग. घरचे विचारायला आले एवढं काय खिदळतोयस.

तक्रारी दोन. नाइल्स आणि बापाची देखभाल करणारी डॅफ्नी यांचं जमल्यावर मधले सीझन सुस्तावतात. आणि मी ज्या अ‍ॅपवर बघितली तिथे सबटायटल्स दोन सेकंद मागे, आधी पब्लिक हसतं मग जोक कळतो, डोक्याला ताप नुसता.

साडेचार स्टार. चिअर्स बघितली नसेल तरी काही अडत नाही, फक्त सॅमवाल्या एपिसोडला अर्धी मजा जाईल.