घर कॉलमवर उभं करायचं की भिंतींवर?

स्वतः उभं राहून घर बांधणाऱ्याला इंजिनिअर पहिल्याच भेटीत विचारतो, फ्रेम करायची, म्हणजे भार कॉलम-बीमच्या सांगाड्यावर, की लोड बेअरिंग, म्हणजे भार थेट भिंतींवर? मी दोन्ही केलंय. आधी मागच्या दोन खोल्या कॉलमवर, नंतर राहतं घर नऊ इंची भिंतींवर.

पुढे मजले चढवायचे असतील तर फ्रेमच करा, त्यात वाद नको. जमीन काळी असेल तरी तेच. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंतीचा उथळ पाया तिच्याबरोबर वरखाली होतो. कॉलमचा खड्डा मात्र मुरूम लागेपर्यंत खाली नेता येतो. शिवाय फ्रेममधली आतली भिंत नंतर हलवता येते, ही सोय लहान नाही.

प्रश्न उरतो तो घट्ट मुरमावरच्या एकमजली घराचा. तिथे माझा कल भिंतींकडे आहे.

मागच्या खोल्यांच्या वेळी फूटिंगच्या, म्हणजे कॉलमखालच्या काँक्रीटच्या पायाच्या, जाळ्या टाकल्या, कॉलमच्या सळ्या उभ्या केल्या, लाइनदोरी आणि ओळंबा लावून टेकू दिले. सगळं डोळ्यांदेखत बरोबर होतं. मग काँक्रीट आलं. घमेली ओतताना, व्हायब्रेटर फिरवताना कुणाचा तरी पाय टेकूला लागला असावा. दुसऱ्या दिवशी दोरी धरली तर सहापैकी दोन कॉलमच्या सळ्या लाइन सोडून गेलेल्या, एकीकडे तर चांगल्या दीड इंच. म्हणजे सळईबाहेर काँक्रीटचा जो 40 मिमीचा थर, कव्हर, राहायला हवा, त्यातलं त्या बाजूला जवळजवळ काहीच उरत नव्हतं. सेंट्रिंगवाला म्हणाला, "पाइप घालून वाकवतो, प्लास्टर झाल्यावर कळणारसुद्धा नाही." मला भीती त्या न कळण्याचीच वाटली. मुळाशी एकदम वाकवलेल्या सळईतून भार सरळ उतरत नाही आणि कव्हर कमी पडलं की तिथेच आधी गंज धरतो. शेवटी इंजिनिअरने प्लिंथखाली, म्हणजे जोत्याखाली, कॉलम जाड करायला लावला आणि सळ्या सहास एक उतारात, म्हणजे सहा इंच उंचीला एक इंच सरकवत, हळूहळू लाइनीत आणल्या. निभावलं, पण पुढे प्रत्येक कॉलमला उभ्या सळ्या बांधणाऱ्या रिंगांचं अंतर, रिंगेचा आकडा नीट आत वळलाय का, कव्हर ब्लॉक सरकला का, हे बघताना जीव थाऱ्यावर नव्हता. फर्मा, म्हणजे काँक्रीटचा साचा, लागला की आतलं काही दिसत नाही.

भिंतीचं तसं नाही. थर वाकडा गेला तर त्याच संध्याकाळी दिसतो आणि उतरवता येतो. भारही सहा ठिकाणी एकवटण्याऐवजी भिंतीच्या लांबीभर पसरतो.

बंधनं अर्थात आहेत. दार-खिडकी कोपऱ्याला चिकटवायची नाही, निदान दोन फूट सोडायचे. प्लिंथ, लिंटेल (दार-खिडकीच्या माथ्याची पातळी) आणि स्लॅबखाली काँक्रीटचा पट्टा कुठेही न तोडता सगळ्या भिंतींवरून फिरवायचा, कोपऱ्यांत उभी सळई घ्यायची. भूकंपात भिंती एकमेकींना धरून राहतात त्या यामुळे. वायरिंगसाठी आडवी खाच मारू द्यायची नाही. आणि स्वयंपाकघराचं दार कुठे, हे पाया खोदण्याआधी घरात पक्कं करायचं. आमच्याकडे त्यात पंधरा दिवस गेले, पण ते कागदावर गेले.

रोज साइटवर थांबणारा जाणता माणूस असेल तर कॉलमलाही माझी ना नाही. फक्त फूटिंग भरून झाल्यावर काँक्रीट ओलं आहे तोवरच दोरी पुन्हा धरा. मी ती दुसऱ्या दिवशी धरली होती.